आज यांचा वाढदिवस

३ जून २०११, शुक्रवार

नवी वही. जुनी संपली ती दवाखान्याच्या कामातच संपली, म्हणून हिच्यात पहिल्यापासून थोडक्यात लिहून ठेवतो.

निशातगंजच्या धर्मादाय दवाखान्यात गेली दोन वर्षं मी लिहिलेलं वेबपान चालतं. हृदयात कृत्रिम झडप बसवलेल्या माणसांना रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर घ्यावी लागते. कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर रक्त थांबत नाही. डॉक्टर हरिहर बाजपेयी तपासणीचा आकडा बघून संगणकात डोस लिहितात, माझं पान बाहेर चिठ्ठी छापतं आणि कंपाउंडर आत्माराम चिठ्ठी बघून महिन्याच्या गोळ्या देतो. आमच्या शुभदालाही पाच वर्षांपूर्वी तशीच झडप बसवली आहे, धातूची. वीज गेली, पंखा थांबला, की तिच्या छातीतली टिकटिक खोलीभर ऐकू येते. तिच्यापायीच मी त्या दवाखान्यात शिरलो, पानातली पहिली फाइल तिचीच. अडतीस वर्षं संशोधन संस्थेत काचेची उपकरणं फुंकून घडवली, निवृत्त झाल्यावर अमीनाबादच्या बाजारातून एक जुनं पुस्तक आणलं आणि चौसष्टाव्या वर्षी वेबपानं लिहायला शिकलो. गुरू नाही, क्लास नाही.

आज पानाच्या डोक्यावर एक पट्टी चढवली. ‘आज यांचा वाढदिवस.’ ज्याचा असेल त्याचं नाव झळकणार. आजारी माणसाला आपण फाइलचा नंबर नाही, माणूस आहोत असं वाटलं पाहिजे.

संध्याकाळी पुतणी वेदिका येऊन गेली. गोमती नगरला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. मराठी सगळं कळतं, पण बोलते हिंदीच. कौतुकानं तिला कोड दाखवलं.

‘‘काका, ये क्या! सबका नाम डब्बा?’’

मी सांगितलं, ‘‘अगं, कपाटातून माहितीची ओळ काढली की ती कशात तरी ठेवायची ना? मी डब्यात ठेवतो. रुग्णाची असो, औषधाची असो, डबा तोच. काम झालं, रिकामा केला, पुढचं भरलं.’’

‘‘और पहले वाला खाली नहीं हुआ हो तो? काका, नाम अलग-अलग रखिए. चाची को देखिए, हर डिब्बे पर पर्ची चिपकाती हैं.’’

शुभदा आतून म्हणाली, ‘‘पर्ची लावली तरी हे चहात मीठ घालतात.’’ दोघी हसल्या. मला थोडं लागलं. दोन वर्षांत एक चिठ्ठी चुकलेली नाही. पण पोर आहे, सोडून दिलं.

शुभदाशी मात्र जेवेपर्यंत बोललो नाही. वयाला शोभलं नाही ते.

१० जून, शुक्रवार

आज शुभदाची महिन्याची तपासणी होती. तिला घेऊन सकाळी आठलाच गेलो. परतताना ऊन असं की स्कूटरचं हँडल धरवत नव्हतं.

पट्टी आज पहिल्यांदा फळाला आली! चंद्रप्रभा मिश्रा, निवृत्त शिक्षिका, आज बहात्तर पूर्ण. पडद्यावर नाव बघून बाई लाजल्या. ‘‘अरे, हमारे बच्चों को याद नहीं रहता, आपकी मशीन को याद है!’’ मी दोन दशहरी आंबे खास ठेवलेच होते, ते दिले. सगळ्या रांगेनं टाळ्या वाजवल्या. डॉक्टरही बाहेर येऊन गेले. असा दिवस फार वर्षांनी आला.

शुभदाचा डोस या खेपेला वाढवलाय. नेहमी दोन मिलिग्रॅम असतो, चिठ्ठीवर पाच आलं. ती म्हणाली, ‘‘अहो, ही गोळी मोठी दिसतेय. डॉक्टर तर आत काही बोलले नाहीत. विचारून येता का?’’

गर्दी फार होती. म्हटलं, ‘‘चिठ्ठीत आहे म्हणजे आहे. माझी चिठ्ठी चुकत नाही.’’

तिनं गोळ्या पर्समध्ये ठेवल्या.

१६ जून, गुरुवार

पाच दिवस लिहिण्यासारखं काही नव्हतं. दुपारी वीज जाते ती चार-चार तास येत नाही. इन्व्हर्टर बिचारा दम तोडतो.

शुभदाच्या दंडावर आज एक डाग दिसला, वांग्याच्या रंगाचा, तळव्याएवढा. विचारलं तर म्हणे, मोरीच्या दाराची कडी लागली. वय झालं की कातडी पापडासारखी होते. बर्फ लावून दिला.

पट्टीत आता नावाशेजारी एक फूलही काढावं असं मनात आहे.

१९ जून, रविवार

शुभदाचा सकाळी घोळणा फुटला. या उन्हात इथे सगळ्यांचाच फुटतो, शेजारच्या मुलांना तर रोजचंच आहे. डोक्यावर पाणी मारलं, कांदा हुंगायला दिला. पण थांबायला बराच वेळ लागला. दोन टॉवेल भरले. मी तिसरा आणायला उठलो, तशी तीच मला म्हणाली, ‘‘बसा हो, काही होत नाही. ऊन आहे.’’

आता निजली आहे. वीज गेलीय, टिकटिक ऐकू येतेय. तेवढा धीर वाटतो.

२१ जून, मंगळवार

आज माझी चिठ्ठी चुकली म्हणतात.

दवाखान्यात गेलो तर एका रुग्णाच्या सूनबाई चिठ्ठी नाचवत उभ्या. ‘‘हमारे बाबूजी को आठ साल से तीन चल रहा है, ये पाँच किसने कर दिया? वो तो हमने नज़र डाल ली, खिलाई नहीं.’’ दहा तारखेची चिठ्ठी. नाव बरोबर, नंबर बरोबर, डोस मात्र पाच. डॉक्टरांनी संगणकात बघितलं, तिथे तीनच लिहिलेलं आहे. पडद्यावर तीन आणि कागदावर पाच!

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी तिथल्या तिथे त्यांचीच चिठ्ठी पुन्हा छापली. तीन आलं. दहा वेळा छापली, दहाही वेळा तीन. मग मला एकच सुचलं आणि मी ते मोठ्यानं बोललो. आत्माराम सकाळी कधी कधी घाईत चिठ्ठी स्वतःच टाइप करतो, त्यानंच काहीतरी केलं असणार.

आत्माराम पंचावन्नचा आहे, वीस वर्षं तिथे आहे. तो एवढंच म्हणाला, ‘‘बाबूजी, मैं तो अनपढ़ जैसा आदमी हूँ, जो कागज़ में आता है वही देता हूँ.’’ आणि गोळ्या मोजायला लागला. त्याची मान खाली होती.

घरी आलो तर जेवण जाईना. शुभदानं विचारलं काय झालं. तिला काही सांगितलं नाही, तीही हल्ली थकल्यासारखी दिसते. उगीच काळजी करेल.

२३ जून, गुरुवार

बाहेरून कुणी शिरलंय का आपल्या पानात? पेपरात असलं काहीबाही येतं. पासवर्ड बदलला. मग वाटलं, विसरलो तर? म्हणून या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिला. मग वही सापडली तर म्हणून ते पान फाडून देवघरात ठेवलं. स्वतःचंच हसू आलं, पण हसण्यानं भीती जात नाही.

कोड चार वेळा वरून खालपर्यंत वाचला. नाव काढतोय, ओळ काढतोय, डोस काढतोय. सगळं जागच्या जागी आहे. काचेला तडा असला तर उजेडात धरून दिसतो. हे कशात धरू?

वेदिकाला फोन करावा का? ती म्हणेल, कहा था ना. नको. आणखी दोन दिवस बघतो.

२६ जून, रविवार

शुभदानं आज भाकरी अर्धवट टाकली. म्हणे हिरड्या दुखतात. मी म्हटलं, लवंग धर. तिनं मान हलवली. तिचा दात घासायचा ब्रश हल्ली नेहमी धुऊन, उलटा करून खिडकीत ठेवलेला असतो. जुनी सवय नव्हती ही. स्वच्छता वाढलीय बाईंची.

दोन गल्ल्यांपलीकडे एक म्हातारा अर्धांगानं गेला असं दूधवाला सांगत होता. दवाखान्यातला नव्हता ना, म्हणून मी त्याला तीनतीनदा विचारलं. दूधवाला माझ्याकडे बघतच राहिला. नव्हता. दारात तसाच बसून राहिलो.

१ जुलै, शुक्रवार. दुपारी दीड, दवाखान्यात

सापडलं. प्रिंटर चालू आहे तोवर लिहून ठेवतो.

इकडे ज्यांना जन्मतारीख ठाऊक नसते त्यांची शाळेत एक जुलै घालतात. दवाखान्यातही तेच. किती जणांची तर मीच घातली आहे, हसत हसत. ‘‘अम्मा, आपका भी पहली जुलाई, चलिए!’’ त्यामुळे आज पट्टी जी उघडली ती पानभर लांब. तेहतीस नावं. लोक नाव वाचून हसत होते, एकमेकांना मुबारक देत होते.

तेवढ्यात आत्माराम खिडकीतून चार चिठ्ठ्या घेऊन माझ्याकडे आला. पुढे ठेवल्या. मग म्हणाला, ‘‘बाबूजी, आज सबको सात?’’

चार माणसं, चार नावं, आणि चारी चिठ्ठ्यांवर सात मिलिग्रॅम. सात डोस असलेला माणूस दवाखान्यात एकच आहे आणि त्याचं नाव पट्टीत सर्वांत शेवटी होतं.

डबा!

रुग्णाची ओळ काढून मी डब्यात ठेवत होतो आणि नाव, नंबर छापत होतो. मग पट्टी येत होती. पट्टीही वाढदिवसाची ओळ त्याच डब्यात ओतत होती, कारण मी सगळ्याला डबाच म्हणतो. आणि त्यानंतर डोस छापताना पान त्या डब्यात हात घालत होतं. तिथे रुग्ण नव्हताच. तिथे वाढदिवसाचा माणूस बसला होता, त्या दिवशीच्या पट्टीतला शेवटचा; दहा तारखेला चंद्रप्रभाबाई, डोस पाच. ज्या दिवशी कुणाचाच वाढदिवस नाही त्या दिवशी डबा तसाच राहायचा आणि चिठ्ठी बरोबर यायची. म्हणून एकवीस तारखेला दहाही वेळा बरोबर आली. बाहेरून कुणी शिरलं नव्हतं. मीच माझ्या हौसेनं माणूस आणून बसवला.

आत्मारामनं चारही जणांना थांबवून ठेवलं होतं, गोळ्या दिल्याच नाहीत. मी त्याच्यापुढे हात जोडले. तो म्हणाला, ‘‘ये सब बाद में, पहले देखिए पीछे किस-किस को गया.’’ या माणसाला मी दहा जणांत खोटं पाडलं होतं.

पट्टी काढून टाकली. एकाचं नाव ‘रुग्णाची ओळ’, दुसऱ्याचं ‘वाढदिवसाची ओळ’. दोन मिनिटांचं काम. दोन मिनिटं!

पट्टी लागल्यापासून वाढदिवस आले असे दवाखान्याचे दिवस आज सोडून तीन. दहा, चौदा आणि अठ्ठावीस जून. त्या दिवशी छापलेल्या सगळ्या चिठ्ठ्यांची यादी काढायला लावली आहे. डॉक्टर फोन धरून बसलेत, एकेकाला बोलावून घेणार. एकोणीस नावं निघाली. प्रिंटर सावकाश छापतोय. पहिलं पान आलं. वाचतो.

२ जुलै, शनिवार. हॉस्पिटल

सातवं नाव शुभदाचं होतं.

मी तिथून कसा निघालो मला आठवत नाही. आत्मारामनं आपल्या मोटरसायकलवर घातलं. घरी पोचलो तर ती ओट्याला धरून उभी होती. म्हणाली, ‘‘बरं झालं आलात. डोकं फार दुखतंय हो. सकाळपासून.’’

डोकं दुखतंय म्हटल्यावर डॉक्टर बाजपेयी फोनवरच ओरडले की एक मिनिट थांबू नका. डोक्यात रक्तस्राव झाला असला तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही. मला ठाऊक होतं.

रक्त गोठण्याचा आकडा तिचा अडीच ते तीन असतो; जितका जास्त, तितकं रक्त पातळ. काल नऊच्या वर होता.

काल दुपारपासून या बाकावर आहे. इंजेक्शन दिलं आहे, रक्तातलं पाणी, प्लाझ्मा म्हणतात ते, चढवताहेत. डोक्याचा फोटो काढलाय, तो बघणारे डॉक्टर यायचे आहेत. फार उतरवताही येत नाही म्हणतात, फार उतरलं तर झडपेवर गुठळी धरेल. दोन्हीकडे खड्डा आणि मधे माझी शुभदा.

डाग. घोळणा. हिरड्या. सगळं मीच या वहीत लिहिलंय, माझ्याच हातानं, तारीखवार. कडी लागली, ऊन आहे, लवंग धर. मागची पानं आता उलटून बघवत नाहीत.

वेदिका आली आहे. डबा आणलाय तिनं जेवणाचा. मला त्या शब्दाकडेही बघवेना.

२ जुलै, दुपारी चार

फोटोत रक्त नाही. बघणाऱ्या डॉक्टरांनी दोनदा सांगितलं, तरी मी तिसऱ्यांदा विचारलं. ‘‘नहीं है अंकल. डोकेदुखी कशाची ते बघू, पण रक्त नाही.’’ ते मूळचे नागपूरचे निघाले.

आकडा सहा. अजून धोका आहे.

आत खाटेपाशी दहा मिनिटं बसू दिलं. यंत्रांचा आवाज इतका की तिची टिकटिक ऐकू येत नाही. तिच्या छातीपाशी कान नेला तर सिस्टर रागावली.

४ जुलै, सोमवार

आकडा साडेतीन. ती पेज प्यायली.

बाकीच्या अठरांचं कळलं. तिघांनी चुकीचा डोस घेतलाच नव्हता. बाकी सगळ्यांची तपासणी झाली, दोघांना दाखल केलं आहे. एका बाईंना कमी डोस गेला होता, त्यांच्या पायात गुठळी आहे, वेळेत कळली. त्यांच्या मुलाला मी जाऊन भेटलो, सांगितलं की माझ्यामुळे झालं. त्यानं मला खूप बोलून घेतलं. बोलू दिलं. खाली मान घालून उभा राहिलो, जसा त्या दिवशी आत्माराम उभा होता.

आत्मारामची माफी दवाखान्यात, त्याच खिडकीपाशी, लोकांसमोर मागितली. तो म्हणाला, ‘‘चलिए बाबूजी, अब आप भी अनपढ़ों में आ गए.’’ आणि चहा सांगितला.

शुभदाला अजून सांगितलेलं नाही. तिला वाटतं डॉक्टरांचा डोस लागू पडला नाही. सांगायला जातो, तिच्या हातावरचे सुयांचे डाग दिसतात, आणि तोंडून भलतंच निघतं. आज विचारलं, पेजेत मीठ बरोबर आहे का.

६ जुलै, बुधवार

सांगितलं. डबा, पट्टी, सगळं.

तिनं पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं. मग म्हणाली, ‘‘मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं की हे माझं नाही.’’

‘‘मग घेतलीस कशाला? बोलली का नाहीस?’’

‘‘बोलले होते. दहा तारखेला, तिथेच.’’

मला आठवलं. म्हटलं, ‘‘नंतर तरी.’’

‘‘नंतर काय बोलू? मिठाचं बोलले तर तुम्ही दोन तास तोंड फुगवून बसलात. हे तर तुमच्या पानाचं. निवृत्तीनंतर पहिल्यांदा तुम्हाला शीळ वाजवताना ऐकत होते. ब्रशला रक्त यायचं, धुऊन ठेवायची. म्हटलं आठ तारखेला तपासणी आहेच, डॉक्टरांनाच कळेल.’’

आठ तारीख परवा आहे. तोवर ती टिकली नसती, असं डॉक्टर सोमवारीच म्हणाले.

मी चष्मा काढून पुसायला लागलो. तीच म्हणाली, ‘‘रडू नका इथे. सिस्टर मला विचारतात, काय झालं अंकलना.’’

१९ जुलै, मंगळवार

शुभदा घरी आल्याला अकरा दिवस झाले. दंडावरचा डाग पिवळा पडत चाललाय.

दवाखान्यात इतके दिवस डॉक्टर हातानं चिठ्ठ्या लिहीत होते. मी पान कायमचं बंद करा म्हणून सांगून आलो होतो. आज त्यांनी बोलावलं. म्हणाले, माझं अक्षर आत्मारामला लागत नाही, त्यानं काल दोनाचे सात वाचले होते, पान चालू करा. वेदिकानं दोन रविवार बसून ओळ न् ओळ तपासली आहे. आता प्रत्येक गोष्टीला तिचं स्वतःचं नाव आहे, लांबलचक, लिहिताना बोटं दुखतात. आणि आत्माराम गोळी देण्याआधी चिठ्ठी डॉक्टरांच्या नोंदवहीशी ताडून बघतो. ती अट मी घातली.

पहिली चिठ्ठी शुभदाची निघाली. मी तीनदा वाचली. आत्मारामनं ताडून बघितली. तरी वाटेत स्कूटर थांबवून पुन्हा वाचली.

घरी तिला पाणी दिलं, गोळी तळहातावर ठेवली. ती तशीच धरून बसली.

‘‘कुणाची आहे?’’

मी चिठ्ठी वाचून दाखवली. ‘‘शुभदा मधुकर कोपर्डेकर. फाइल नंबर एक. दोन मिलिग्रॅम. रोज एकदा.’’

‘‘नक्की?’’

‘‘नक्की’’ हा शब्द माझ्या तोंडून निघेना. मी म्हटलं, ‘‘डॉक्टरांना पुन्हा एकदा फोन करून विचारतो.’’

‘‘विचारा,’’ ती म्हणाली. रागानं नाही, मीठ पाहिजे का विचारतात तशी.

मी फोन लावला. डॉक्टर म्हणाले, ‘‘हाँ भाई हाँ, दो.’’ मग तिनं गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायली आणि डोळे मिटून पडली. तेवढ्यात वीज गेली. पंखा फिरत फिरत थांबला. मी खुर्ची ओढून खाटेला लावली आणि ऐकत बसलो. एक, दोन, तीन, मोजत होतो. मधेच तिनं डोळे न उघडता विचारलं, ‘‘येतोय ना आवाज?’’

‘‘येतोय.’’

‘‘मग झोपा आता जरा.’’

झोप कुठली. वीज येईपर्यंत मी मोजत होतो.